मोडेमराव, तब्येत कशी आहे?

मुलांनो, एक प्रश्न विचारते. घरातलं इंटरनेट अचानक बंद पडलं, की सगळ्यात आधी काय होतं?

खरं सांगा हं! आजोबांचा व्हिडिओ कॉल मध्येच थांबलेला असतो. ताईच्या प्रवेश अर्जाची शेवटची तारीख नेमकी आजच असते. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अरे, तू काही केलंस का त्याला?" बाबा त्या खोक्याची पिन काढतात, फुंकर मारतात, पुन्हा लावतात. तरी चालत नाही. मग खोक्याला एक चापटी बसते! शेवटी निकाल लागतो, "मोडेम गेला. नवा आणावा लागणार." नाहीतर त्याहून वाईट निकाल, "या पोरानंच गेम खेळून खेळून बिघडवलंय!"

आता बघा, एवढ्या गडबडीत एक गोष्ट कुणीच केली नाही. ज्याचं दुखतंय त्याला कुणी विचारलंच नाही, "बाबा रे, तुझं दुखतंय कुठं?"

तुम्ही म्हणाल, "बाई, खोकं काय बोलणार?" बोलतं बरं का! नीट विचारलं तर बोलतं. कसं विचारायचं आणि त्याचं उत्तर कसं वाचायचं, तेच आज पाहू या.

आधी ओळख करून घेऊ

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचं. फारच हळू! पुढं लोकांच्या लक्षात आलं, की केबल टीव्हीची जाड काळी तार घराघरात पोचलेलीच आहे. तिच्यातून चित्रं येतात, तर इंटरनेट का येऊ नये? ही तार कापून पाहिली तर मधोमध तांब्याच्या रंगाची एक तार, भोवती पांढरा थर, त्यावर धातूची जाळी आणि वर काळं आवरण दिसतं. हीच कोअ‍ॅक्सियल केबल. तिच्यातून इंटरनेट देण्याचे नियम अमेरिकेत १९९७ मध्ये ठरले. त्या नियमावलीचं नाव 'डॉक्सिस'. आपल्याकडेही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत केबलच्या तारेतून इंटरनेट आलं.

या तारेच्या टोकाला बसतो केबल मोडेम. मोडेम म्हणजे दुभाषा! संगणकाची भाषा शून्य आणि एकची, तर तारेची भाषा लहरींची. हा इकडचं तिकडं सांगतो. त्याच्या शेजारी असतो राउटर. तो टपाल कचेरीतल्या माणसासारखा. कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं पाठवायचं, हे तो ठरवतो. कधी दोघं वेगवेगळ्या खोक्यांत असतात, तर कधी एकाच खोक्यात नांदतात.

सिस्को नावाच्या अमेरिकन कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असे दोघं एकत्र असलेले राउटर बनवले. त्यांचं नाव 'यूबीआर ९००' मालिका. आज ते नवे मिळत नाहीत. पण त्यांच्याशी बोलण्याची पद्धत इतकी सरळ आहे, की शिकायला त्यांच्यासारखा गुरू नाही.

विचारायचं कसं?

राउटरला संगणक जोडला, की काळ्या पडद्यावर राउटरचं नाव आणि पुढं एक चिन्ह दिसतं. तिथं आपण इंग्रजी अक्षरांत आज्ञा टाइप करायची. आज्ञा म्हणजे कमांड. आपली पहिली कमांड अशी:

शो इंटरफेसेस केबल-मोडेम ०

'शो' म्हणजे दाखव. 'इंटरफेस' म्हणजे राउटरचं दार, जिथून माहिती आत-बाहेर जाते. राउटरला अशी अनेक दारं असतात. त्यातलं केबल मोडेमचं दार आपल्याला पाहायचं आहे. आणि शून्य म्हणजे त्या दाराचा क्रमांक. यंत्रं मोजायला एकपासून नाही, शून्यापासून सुरुवात करतात. म्हणजे पहिल्या दाराचा क्रमांक शून्य!

पुढं काय लिहायचं ते आठवेना? नुसतं प्रश्नचिन्ह टाका. राउटर लगेच शब्दांची यादी समोर ठेवतो. परीक्षेत अशी सोय असती तर, नाही का?

इथं एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. 'शो'नं सुरू होणारी कमांड फक्त पाहते. ती काहीही बदलत नाही. डॉक्टर नाडी पाहतात, तेव्हा तुमच्या पोटात काही औषध जातं का? नाही ना? तसंच हे. बदल करणाऱ्या कमांड वेगळ्या असतात. त्यांच्या वाटेला आज आपण जायचं नाही.

एका ओळीत दोन उत्तरं

कमांड दिली, की पडद्यावर बरंच काही उमटतं. घाबरू नका. पहिली ओळच सगळ्यात मोलाची. ती अशी असते:

केबल-मोडेम ० इज अप, लाइन प्रोटोकॉल इज अप

अप म्हणजे चालू, डाउन म्हणजे बंद. पण 'अप' दोनदा का बरं? राउटरला एकच गोष्ट दोनदा सांगायची हौस आहे का?

मुळीच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही मैत्रिणीला फोन लावता. रिंग जाते. म्हणजे फोन चालू आहे. पण पलीकडून "हॅलो" आलंच नाही, तर बोलणं झालं का? नाही! पहिला 'अप' सांगतो, की दाराची यंत्रणा जागी आहे. दुसरा 'अप' सांगतो, की या दारातून पलीकडं बोलता येईल असं राउटरला वाटतं आहे.

म्हणून जोड्या अशा वाचायच्या:

पहिला अप, दुसरा अप: हे दार ठीक आहे. तरी इंटरनेट नसेल तर अडचण दुसऱ्या कुठल्या तरी दारात किंवा आणखी पुढं आहे.

पहिला अप, दुसरा डाउन: दार जागं आहे, पण संवाद होत नाही. खोकं फेकून देण्याची घाई नको!

दोन्ही डाउन: यंत्रणेलाच काही मिळत नाही. तार निघाली आहे का, तुटली आहे का, ते आधी पाहा.

आणि एक चौथं उत्तरही आहे. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन'. म्हणजे काय, ओळखा पाहू! म्हणजे दार बिघडलेलंच नाही, कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलं आहे. बिघाड आणि बंद यांतला फरक एका शब्दात कळला. नाहीतर आपण मेकॅनिक बोलावला असता आणि तो नुसती कडी काढून पैसे घेऊन गेला असता!

२५५ची गंमत

आता खालच्या ओळी. एका ठिकाणी 'रिलायबिलिटी २५५/२५५' असं असतं. रिलायबिलिटी म्हणजे भरवसा. शंभरपैकी शंभर न म्हणता हा २५५पैकी २५५ का म्हणतो? कारण यंत्राजवळ या आकड्यासाठी आठ खाने असतात आणि प्रत्येक खान्यात फक्त शून्य किंवा एक मावतो. दोनाला दोनानं आठ वेळा गुणत जा... नाही, नीट सांगते, आठ वेळा २ लिहा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. २५६ येतात. शून्य धरून मोजलं तर सगळ्यात मोठा आकडा २५५. म्हणजे २५५/२५५ हे राउटरच्या प्रगतिपुस्तकातले पैकीच्या पैकी गुण!

तिथंच 'बीडब्ल्यू २७००० केबिट' असंही दिसतं. म्हणजे सेकंदाला २ कोटी ७० लाख बिट. हा आत्ता मिळणारा वेग नव्हे हं! रस्त्याच्या फलकावर रुंदी लिहावी, तशी ही त्या वाटेची ठरलेली क्षमता. आणि वाट साऱ्या आळीत मिळून एकच. संध्याकाळी सगळे एकदम निघाले की गर्दी होणारच.

आणखी खाली 'इनपुट एरर्स' म्हणजे येताना झालेल्या चुका मोजलेल्या असतात. समजा, तिथं ५०० आकडा दिसला. आपण म्हणणार, "बाप रे! पाचशे चुका!" थांबा. या चुका कधीपासूनच्या? हा आकडा मागच्या वेळी मोजणी पुसली तेव्हापासून साठत आलेला असतो. कदाचित त्या गेल्या पावसाळ्यातल्या असतील. मग काय करायचं? आकडा वहीत लिहायचा. दहा मिनिटांनी तीच कमांड पुन्हा द्यायची. आकडा तेवढाच राहिला, तर जुनी गोष्ट. वाढत असला, तर दुखणं आत्ताचं आहे. एका आकड्यावरून कुणाला दोष देऊ नये, हे यंत्रालाही लागू आहे आणि माणसालाही.

मैदानावरची हजेरी

आता दुसरी कमांड पाहू:

शो कंट्रोलर्स केबल-मोडेम ० मॅक स्टेट

ही मोडेमला विचारते, "तू कुठल्या पायरीवर आहेस?" कारण मोडेम चालू केला, की लगेच इंटरनेट सुरू होत नाही. त्याला एकेक पायरी चढावी लागते. त्या अशा:

पहिली, ऐकणं. केबल कंपनीच्या मुख्य केंद्राकडून येणारा संदेश तो शोधत बसतो. आपण रेडिओवर स्टेशन शोधतो ना, तसं.

दुसरी, हाक मारणं. याला 'रेंजिंग' म्हणतात. ही पायरी फार मजेची आहे. मैदानावर एक खेळ खेळून पाहा, म्हणजे लगेच कळेल. एका मुलाचे डोळे बांधून त्याला मध्ये उभं करा. तो मुख्य केंद्र. बाकीचे कुणी ५ पावलांवर, कुणी २०, तर कुणी ५० पावलांवर. मधल्यानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्यानं "हजर" म्हणायचं. अट एकच. सगळ्यांचा आवाज मधल्याला सारखाच ऐकू यायला हवा! मग मधला सांगतो, "तू जरा मोठ्यानं", "तू हळू". लांबच्याचा आवाज उशिरा पोचतो, म्हणून त्याला सांगायला हवं, "तू किंचित आधी ओरड." आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो.

मोडेम अगदी असंच करतो. आधी हळू हाक मारतो. सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी वाट पाहतो. उत्तर नाही? मग जरा मोठ्यानं. अशा सोळा हाका वाया गेल्या, की बिचारा पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. आणि मुख्य केंद्र त्याला सांगतं, "एवढा आवाज ठेव, एवढं आधी बोल."

तिसरी पायरी, पत्ता मिळणं. हीच 'डीएचसीपी'. पत्त्याशिवाय पत्र येणार कसं?

चौथी, नियमांचा कागद मिळणं. तुला किती वेग द्यायचा, काय मुभा आहे, हे सांगणारी फाइल मोडेम उतरवून घेतो.

पाचवी, नाव नोंदवणं. त्याला 'रजिस्ट्रेशन' म्हणतात. शाळेच्या पटावर नाव चढलं म्हणायचं!

सगळं पार पडलं, की पडद्यावर 'मेंटेनन्स स्टेट' असं येतं. नाव ऐकून "अरेच्चा, दुरुस्ती चालू आहे वाटतं!" असं समजू नका. उलट, सगळं ठीक आहे असाच त्याचा अर्थ. मुख्य केंद्र त्यानंतरही फार तर ३० सेकंदांच्या आत पुन्हा पुन्हा त्याला हाक मारून विचारतं, "आहेस ना?" आणि मोडेम म्हणतो, "हजर!"

अडलं कुठं, त्यावरून दुरुस्ती कुणी करायची

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडं येऊ. मोडेम कुठल्या पायरीवर अडकला, यावरून दोष कुठं आहे ते कळतं.

पहिल्याच पायरीवर अडकला? त्याला काही ऐकूच येत नाही. तार सैल आहे का, गच्चीवर तुटली आहे का, का साऱ्या परिसराचीच केबल बंद आहे, ते पाहा.

दुसऱ्या पायरीवर घुटमळतोय? त्याला केंद्राचं ऐकू येतं, पण केंद्राला त्याचं ऐकू जात नाही. सैल जोड, जोडात शिरलेलं पाणी, नाहीतर टीव्हीसाठी मध्येच बसवलेला स्प्लिटर. एका तारेच्या दोन तारा केल्या, की प्रत्येकीला निम्म्याहूनही थोडी कमी ताकद मिळते. दिवाळीत नवा टीव्ही आला आणि इंटरनेट रुसलं, तर दोघांचा संबंध असू शकतो!

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर अडला? मग बोलणं नीट चाललं आहे. पत्ता, फाइल किंवा परवानगी मिळत नाही. म्हणजे बहुधा काम केंद्राकडचं. घरातली तार बदलून, नवा मोडेम आणून इथं काही साधणार नाही.

पाहिलंत ना? घरातल्या मुलाच्या गेमचं नाव या यादीत कुठंच नाही! गेममुळं वेग वाटला जाईल, पण मोडेम रेंजिंगला अडकणार नाही.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. तक्रारीच्या क्रमांकावर "नेट चालत नाही" एवढंच सांगितलं, तर पलीकडून "बंद करून चालू करा" हेच उत्तर येतं. पण "मोडेमला तुमचा सिग्नल सापडतो, मात्र रेंजिंग पूर्ण होत नाही," असं सांगितलं तर योग्य माणूस योग्य हत्यारं घेऊन येतो. नव्या खोक्याचे पैसे वाचतात. आणि कुणाला उगाच ओरडा बसत नाही.

आमच्या घरात तर वेगळंच खोकं आहे!

बरोबर आहे. घरातल्या साध्या खोक्यांना बहुधा काळा पडदा नसतो. त्यांचं उत्तर ब्राउझरमध्ये वाचायचं असतं. राउटरच्या पाठीवरच्या कागदावर त्याचा पत्ता छापलेला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८ नं सुरू होणारा. पुष्कळशा केबल मोडेमचं स्थितीचं पान १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर दिसतं. तिथं येणाऱ्या सिग्नलची ताकद 'डीबीएमव्ही' या मापात असते. नियमावलीप्रमाणे ती उणे १५ ते अधिक १५ यांच्यामध्ये हवी. शून्याच्या आसपास असली तर उत्तम. दर ३ नं आकडा उतरला, की ताकद जवळजवळ निम्मी होते. शून्यावरून उणे ६ वर आली तर ताकद किती उरली? शाबास, पाव!

मोडेमची स्वतःची हाकही तिथं दिसते. तो आकडा फार चढलेला असेल, तर समजा, बिचारा घसा फोडून ओरडतोय.

आता बऱ्याच घरांत केबलऐवजी प्रकाशाची तार, म्हणजे फायबर आलं आहे. तिथल्या खोक्यावर 'एलओएस' अशी अक्षरं असतात. तो दिवा लाल झाला, की समजायचं, प्रकाश येतच नाही. ही पहिलीच पायरी चुकली! तारेची भाषा बदलली, तरी विचारण्याचा क्रम तोच. आधी ऐकू येतं का, मग बोलता येतं का, मग पत्ता, मग परवानगी.

दोन नियम पक्के

पहिला नियम असा, की हे सगळं फक्त आपल्या घरी, मोठ्यांना विचारून आणि त्यांना शेजारी बसवून करायचं. शेजाऱ्यांच्या किंवा शाळेच्या राउटरमध्ये परवानगीशिवाय डोकावणं हा खेळ नव्हे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तो गुन्हा ठरू शकतो.

दुसरा नियम, पाहायचं, बदलायचं नाही. पानावर 'रीसेट' दिसलं की बोट शिवशिवतं, माहीत आहे मला! पण तिथं हात आवरायचा. मात्र राउटरचा पासवर्ड अजून कारखान्यातूनच आलेला असेल, तर तो बदलायला आई-बाबांना जरूर सांगा.

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास. इंटरनेट छान चालू असेल, अशा एखाद्या रविवारी मोठ्यांबरोबर बसा. कुठले दिवे लागले आहेत, कुठल्या रंगाचे आहेत, पानावर कुठले आकडे आहेत, ते वहीच्या एका पानावर तारीख घालून लिहून ठेवा. निरोगी माणसाचं तापमान माहीत असतं, म्हणून तर ताप आलेला कळतो! ते पान राउटरच्या शेजारी टाचून ठेवा. इंटरनेट बंद पडेल त्या दिवशी चापटी मारण्याआधी, नवा मोडेम मागवण्याआधी आणि कुणाला रागावण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून ते पान समोर धरा. काय बदललं, ते शोधा. आणि मग फोन उचला!